कॉम्प्लेक्स सिस्टीम्सच्या मॉडेलिंगमध्ये पीएचडी करावी का? पाच वर्षांनंतरचा माझा रिव्ह्यू

थिसिस जमा करून अकरा दिवस झालेत, व्हायवा अजून व्हायचाय, आणि एवढ्यात एमएस्सीच्या चार जणांचे मेसेज आले की ताई ह्या फील्डमध्ये पीएचडी घ्यावी का, कुठे घ्यावी, पैसे पुरतात का. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. मी मूळची मिरजेची, एमएस्सी फिजिक्स, आणि माझा विषय म्हणजे प्रवासाच्या नेटवर्कवरून साथीचे रोग कसे पसरतात त्याचं गणिती मॉडेल. माझी संस्था भारतातलीच आहे पण नाव घेत नाही, आमचं फील्ड इतकं लहान आहे की संस्थेचं नाव घेतलं की गाईड कोण ते लगेच कळतं.

ज्यांना हे फील्डच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सकाळी दादरच्या पुलावर हजारो माणसं दोन्ही बाजूंनी चालत असतात, कुणी कुणाला सांगत नाही की तू डावीकडून जा, तरी जाणाऱ्यांची एक धार आणि येणाऱ्यांची एक धार आपोआप पडते, आणि गर्दी एका मर्यादेच्या पुढे गेली की तीच धार मोडून सगळं ठप्प होतं. एकेका माणसाचा कितीही अभ्यास केलात तरी त्यातून ही धार दिसणार नाही. असल्या गोष्टी म्हणजे कॉम्प्लेक्स सिस्टीम. हवामान, शेअर बाजार, मेंदू, माशांचे थवे, वीज ग्रिड, साथी, सगळं ह्यात येतं. २०२१ चं फिजिक्सचं नोबेल मनाबे, हॅसलमान आणि पारिसी ह्या तिघांना ह्याच कामासाठी मिळालं, तेव्हापासून घरी समजावणं थोडं सोपं झालं.

आता माझी सुरुवात, कारण रिव्ह्यूचा अर्धा भाग त्यातच आहे. मी आधी एका ठिकाणी रजिस्टर केलं होतं, चौदा महिने होते. तिथे मॉडेलिंग म्हणजे काय चालायचं तर आधीच्या कुणाच्या पेपरातलं साथीचं मॉडेल घ्यायचं, त्यात एक नवीन डबा, म्हणजे माणसांचा एक जादा गट, घालायचा, क्वारंटाइनचा, हॉस्पिटलचा, जागरूकतेचा, मग डेरिव्हेटिव्ह बदलून फ्रॅक्शनल करायचं, स्थिरतेचं एक प्रमेय सिद्ध करायचं, चार रंगीत ग्राफ काढायचे आणि पैसे भरून छापायचं. डेटा कुठेच नाही. वर्षाला पाच पेपर निघायचे. मी एकदा विचारलं की ही बीटाची, म्हणजे लागण किती वेगाने होते त्या आकड्याची, किंमत ०.३५ कुठून आली, तर उत्तर मिळालं की गृहीत धरलीय. सहा महिने मला वाटत होतं की संशोधन असंच असतं. नाही, असं नसतं. मी सोडलं, घरी रडारड झाली, बाबा आठवडाभर बोलले नाहीत.

मग २०२० साली परत परीक्षा, आणि इंटरव्ह्यू ऑनलाइन, मिरजेत आमच्या माळ्यावरच्या खोलीत. पॅनेलने विचारलं आवडतं मॉडेल सांग. मी कर्मॅक आणि मॅकेंड्रिकचं सांगितलं. १९२७ चा पेपर आहे, आज आपण ज्याला एसआयआर म्हणतो (लागण होऊ शकेल अशी, लागण झालेली आणि त्यातून बाहेर पडलेली असे माणसांचे तीन गट) त्याचं मूळ तेच. आणि त्या पेपरात जो एकमेव खरा डेटा लावलाय तो कुठला, तर मुंबईच्या प्लेगचा! १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याला किती मेले त्याचे आकडे. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर होता, आणि कर्मॅकची दृष्टी १९२४ मध्ये लॅबमधल्या अपघातात गेलेली, तो हे सगळं गणित डोक्यात करायचा. मी वहीवर वक्र काढून कॅमेऱ्यासमोर धरला. सूत्रात तीनच आकडे आहेत, ८९०, ०.२ आणि ३.४. शिखराला आठवड्याला ८९० मृत्यू, आणि ३.४ भागिले ०.२ म्हणजे सतराव्या आठवड्यात शिखर, म्हणजे एप्रिलचा मध्य. वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं तर एकूण ८९०० मृत्यू येतात. ठिपके आणि रेघ इतके जवळ बसतात की बघत राहावं. मी ते फार अभिमानाने सांगितलं.

पॅनेलमधल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "छान. उंदीर कुठे आहेत?"

मला उत्तर आलं नाही. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग, पिसवा तो माणसांत आणतात. एसआयआरमध्ये माणूस माणसाला देतो. शिवाय मुंबईत प्लेग १८९६ ला आला तो पुढे वर्षानुवर्षं ठरल्यासारखा येत राहिला, थंडीत वाढायचा, उन्हाळा तापला की उतरायचा. मॉडेल म्हणतं की साथ संपली कारण लागण होऊ शकेल अशी माणसं कमी झाली. पण मे महिन्याच्या उन्हाचा आणि पिसवांचा ह्यात काही हात असेल तर? वक्र तोच, कारण वेगळं. आणि गंमत म्हणजे त्या दोघांनी स्वतःच पेपरात लिहून ठेवलंय की माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, त्यांनी काहीच लपवलं नाही, आपण नंतरचे लोक फक्त ग्राफ उचलून पुढे गेलो. मी म्हटलं सर मला पाच मिनिटं द्या, आणि उंदरांचं एक समीकरण, पिसवांचं एक, आणि तापमानावर अवलंबून असणारा एक गुणक असं लिहायचा प्रयत्न केला. चुकलंच त्यात बरंच. पण मला घेतलं. तेच सर पुढे माझे गाईड झाले.

तर माझं ह्या फील्डबद्दलचं सगळ्यात मोठं मत हेच आहे की जिथे तुम्हाला कुणीतरी उंदीर कुठे आहेत असं विचारणारं आहे तिथे पीएचडी घ्या, जिथे नाही तिथे संस्था कितीही मोठी असली तरी घेऊ नका. हे ओळखायचं कसं ते खाली लिहिते.

आधी परीक्षा, पटकन. सीएसआयआर नेट जून आणि डिसेंबरला, गेट फेब्रुवारीत, आणि फिजिक्स किंवा थिअरीवाल्यांसाठी जेस्ट आणि टीआयएफआरची (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) जीएस. गणितवाल्यांनी जीएस मॅथ्स आणि नेट धरावी. आता नेटचा स्कोअर विद्यापीठांच्या पीएचडी प्रवेशालाही चालतो, ७० टक्के वेटेज नेटला आणि ३० टक्के इंटरव्ह्यूला, म्हणजे जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) नाही निघाली तरी तो स्कोअर वाया जात नाही. फक्त एक लक्षात घ्या, ह्यातली एकही परीक्षा कॉम्प्लेक्स सिस्टीम्सची नाही. तुम्ही फिजिक्स, गणित, स्टॅट्स, कॉम्प्युटर किंवा बायोलॉजीच्या दाराने आत येता आणि आत आल्यावर ह्या विषयाकडे वळता. म्हणून जाहिरातीत हा शब्द शोधत बसलात तर भारतात जागाच नाहीत असं वाटेल, तसं नाहीये. स्टॅटिस्टिकल फिजिक्स, नॉनलिनियर डायनॅमिक्स, थिअरॉटिकल इकॉलॉजी, कॉम्प्युटेशनल बायोलॉजी, नेटवर्क सायन्स अशी नावं शोधा. पुण्यात आयसर पुणेला एम. एस. संतानम नेटवर्कवरच्या टोकाच्या घटनांवर काम करतात, चेन्नईच्या आयएमएससीत (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस) सिताभ्र सिन्हा आहेत, बेंगळुरूच्या आयआयएससीत विश्वेश गुट्टल थवे आणि परिसंस्था अचानक कोसळण्यावर काम करतात, आणि बेंगळुरूच्याच आयसीटीएसमध्ये (टीआयएफआरचंच केंद्र) स्टॅट फिजिक्स आणि मान्सूनवरची मंडळी आहेत. ही यादी पुरी नाही, पण ह्यांचे पेपर वाचायला घ्या म्हणजे विषयाची चव कळेल. पुण्यात पाषाणला आयआयटीएम (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉपिकल मिटिऑरॉलॉजी) आहे, मान्सूनच्या मॉडेलिंगसाठी आपल्या घराजवळ ह्याहून चांगली जागा नाही, आणि मराठी मुलांना ती माहीतच नसते ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

घेण्याआधी चाखून बघायचं असेल तर फुकटात भरपूर आहे. अमेरिकेत ह्याच विषयावर काम करणाऱ्या सांता फे इन्स्टिट्यूटचं कॉम्प्लेक्सिटी एक्सप्लोरर नावाचं पोर्टल आहे, त्यावर मेलनी मिचेल यांचा ओळखीचा कोर्स मी एमएस्सीच्या सुट्टीत केला, नेटलोगो नावाच्या सोप्या सॉफ्टवेअरवर वारुळातल्या मुंग्या आणि जंगलातला वणवा स्वतः चालवून बघता येतो, गणित फार लागत नाही, अकरावी-बारावीच्या मुलालाही जमेल. ह्याला माझ्याकडून पाचपैकी पाच. (बऱ्याच जणांना वाटतं सांता फेला पीएचडी मिळते, तसं नाही, ते डिग्री देत नाहीत.) मात्र तेवढ्यावर थांबू नका, तो कोर्स करून फील्ड आवडतं पण फील्ड कळत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणून कॉर्नेलच्या स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांची नॉनलिनियर डायनॅमिक्सची लेक्चर्स यूट्यूबवर आहेत ती वही-पेन घेऊन करा, आणि मग बेंगळुरू स्कूल ऑन स्टॅटिस्टिकल फिजिक्स. हे २०१० पासून दरवर्षी होतं, मी दुसऱ्या वर्षाला गेले होते. दिवसभर लेक्चर, संध्याकाळी ट्युटोरियल, रात्री जेवणाच्या टेबलावर कागदावर गणितं. ज्यांचे पेपर वाचले तेच लोक शेजारी बसून डाळभात खातायत आणि तुमचा प्रश्न ऐकून घेतायत, ह्याचा मनावर फार परिणाम होतो. त्याचीही लेक्चर्स रेकॉर्ड होऊन यूट्यूबवर येतात.

एमएस्सी झाली पण पाया कच्चा वाटतोय असं असेल तर इटलीत त्रिएस्तेला आयसीटीपी आहे, अब्दुस सलाम यांनी १९६४ साली विकसनशील देशांतल्या लोकांसाठीच काढलेली संस्था. तिथे पीएचडीच्या आधीचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, फी नाही, राहण्याखाण्याचा खर्च तेच देतात, आणि त्यात क्वांटिटेटिव्ह लाइफ सायन्सेसची शाखा आहे ती आपल्या कामाची. हे आपल्याकडे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

पैशांचं. मी लागले तेव्हा जेआरएफ ३१,००० होती, १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाली, दोन वर्षांनी एसआरएफ (सिनियर फेलोशिप) ४२,०००, आणि हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. पीएमआरएफ (पंतप्रधान रिसर्च फेलोशिप) असेल तर सुरुवातच ७०,००० पासून होते. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही फेलोशिप आहेत, जाहिरातीवर लक्ष ठेवा. एकट्या माणसाला हॉस्टेलवर हे पैसे पुरतात. घरी पाठवायचे असतील तर ओढाताण होते, मला दोन्हींचा अनुभव आहे. माझी फेलोशिप एकदा पाच महिने अडकली होती, मेसचं बिल मैत्रिणीने भरलं, तेव्हा लागल्यापासूनच तीन-चार महिन्यांचे पैसे बाजूला टाकत जा. पैशाला पाचपैकी तीन.

युरोप. मी स्वतः तिथे पीएचडी केली नाही, पण ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूट फॉर द फिजिक्स ऑफ कॉम्प्लेक्स सिस्टीम्सला एका वर्कशॉपसाठी दोन आठवडे राहून आले, गेस्ट हाऊस आवारातच आहे, फळ्यावर रात्री अकरालाही कुणीतरी लिहीत असतं. तिथल्या आपल्या मुलांशी भरपूर बोलले. मोठा फरक असा की तिकडे पीएचडी ही नोकरी असते, करार असतो, पगार असतो, विमा असतो, बहुतेक तीन वर्षांचं काम, आणि विषय जाहिरातीतच ठरलेला असतो. आपल्याकडे पाच वर्षं, पहिल्या वर्षी कोर्सवर्क, आणि विषय शोधायला मोकळीक. ज्याला आपला प्रश्न अजून सापडला नाही त्याला भारतातली पद्धत बरी, ज्याला नक्की माहितीय त्याला तिकडची. युरोपियन युनियनच्या पैशावर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा युराक्सेस नावाच्या साइटवर येतात, त्या कुठल्याही देशाच्या माणसाला खुल्या असतात, आणि त्यात एक नियम आहे की नेमणुकीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे जर्मनीतल्या जागेसाठी जर्मनीतच शिकलेला मुलगा बऱ्याचदा बाद होतो आणि मिरजेतली मुलगी पात्र ठरते. आपल्या मुलांनी हे लक्षातच घेतलेलं नसतं, आपल्याला कोण घेणार म्हणून अर्जच करत नाहीत. अर्ज करा. व्हिएन्नाचा कॉम्प्लेक्सिटी सायन्स हब, गॉटिंगेनची माक्स प्लांकची दुसरी संस्था, पॉट्सडॅमची हवामान संस्था, ह्यांच्या जाहिराती वर्षभर बघत राहा, आपल्यासारखा एकच प्रवेशाचा मोसम तिकडे नसतो.

आता गाईड कसा ओळखायचा. पहिलं, त्या ग्रुपचे मागच्या चार वर्षांचे पेपर उघडा आणि त्यात डेटा किंवा प्रयोग कुठे येतो ते बघा. निव्वळ थिअरी असली तरी काही बिघडत नाही, उत्तम थिअरी असते, पण मग प्रश्न खोल हवा, डबे वाढवलेले नकोत. दुसरं, एखाद्या पेपरात मॉडेल कुठे फसतं ते स्वतःहून लिहिलंय का. तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना फोन करा. ईमेलवर कुणी खरं लिहीत नाही. विचारा की सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटतात, मागचा मुलगा किती वर्षांत बाहेर पडला, आणि तुझं मॉडेल चुकलं तेव्हा ते काय म्हणाले. ह्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात सगळं कळतं. माझ्या तिसऱ्या वर्षी असंच झालं होतं. मी मुंबईतल्या कोविडसाठी मॉडेल केलं होतं, सगळं शहर एका पातेल्यात ढवळल्यासारखं, कुणीही कुणालाही भेटू शकतो असं धरून. आणि जुलै २०२० च्या सिरो सर्व्हेत (रक्त तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते बघतात) तीन वॉर्डांत काय निघालेलं, तर झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आणि बाकीच्या वस्तीत १६ टक्के! त्याच वॉर्डांत, शेजारीशेजारी. माझ्या पातेल्यातून हे दोन आकडे निघणं शक्यच नव्हतं, दीड वर्षाचं काम गेलं. सर म्हणाले की गेलं नाही, आता तुला प्रश्न मिळाला. सामायिक संडास, पाण्याची रांग, एका खोलीत आठ माणसं, हे समीकरणात कसं आणायचं तोच माझा थिसिस झाला. तेव्हा टीआयएफआर आणि आयआयएससीच्या लोकांनी मुंबई-बेंगळुरूसाठी एकेक माणूस धरून चालणारं सिम्युलेशन केलं होतं, ते वाचून मला रस्ता सापडला.

रोजचं काम कसं असतं तेही सांगते कारण त्याबद्दल गैरसमज फार. गणित वीस टक्के. उरलेला वेळ कोड लिहिणं, कोड दुरुस्त करणं, डेटा साफ करणं (एका तालुक्याचं नाव चार स्पेलिंगने लिहिलेलं असतं), आणि वाचणं. पायथन यायलाच हवं, मोठ्या सिम्युलेशनला सी प्लस प्लस किंवा ज्युलिया. माझ्या बॅचला एक मुलगी होती, गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, पण कोडिंगचा तिटकारा, ती दुसऱ्या वर्षी शुद्ध गणिताकडे गेली आणि तिथे खूष आहे. हा स्वभावाचा प्रश्न आहे, आधीच ओळखा.

एक तक्रार आहे आणि ती पूर्ण फील्डबद्दल आहे. तुम्ही कुणाचेच नसता. फिजिक्सवाले म्हणतात हे बायोलॉजी, बायोलॉजीवाले म्हणतात हे गणित, डॉक्टर म्हणतात ह्याचा उपयोग काय. परिषदेत बरं वाटतं, आपल्या विभागात एकटं वाटतं. आणि पुढे कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर सहायक प्राध्यापकाच्या जागेला एमएस्सी आणि नेट-सेटचा विषय बघतात, म्हणून तुमची मूळ डिग्री एका ओळखीच्या विषयात असू द्या आणि त्याच विषयात नेट किंवा सेट काढून ठेवा, पीएचडी कितीही आडव्या विषयात असो. मी हे तिसऱ्या वर्षी शिकले, पहिल्या वर्षी कळलं असतं तर बरं झालं असतं. नोकऱ्यांचं म्हणाल तर आमच्या ग्रुपमधून बाहेर पडलेले तिघे पोस्टडॉक करतायत, एक हवामानाच्या जोखमीवर विमा कंपनीत, एक डेटा सायन्सला. रिकामं कुणी बसलेलं नाही.

एकूण पाचपैकी चार देईन. एक तारा कमी तो त्या चौदा महिन्यांसाठी, कारण तशा जागा अजून आहेत आणि नवीन मुलांना बाहेरून फरक कळत नाही.

ज्यांना पुढच्या जेस्टला बसायचंय त्यांनी मागच्या पाच-सहा वर्षांचे पेपर आत्तापासून सोडवायला घ्या, साइटवर मिळतात. आणि इंटरव्ह्यूला जाताना कुठलंही एक मॉडेल निवडा आणि त्यात काय काय सोडून दिलंय त्याची यादी स्वतः करून जा, कागदावर. अडलं तर मला मेसेज करा, व्हायवा होईपर्यंत वेळच वेळ आहे.